झोपेच्या गोळ्या: काउंटरवर आणि व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात गेली २१ वर्षं मी औषधाचं दुकान चालवते. "मॅडम, जरा बाजूला येता का," म्हणत गिऱ्हाईक आवाज खाली आणतं, तेव्हा विषय बहुतेक दोनच असतात. पहिला इथे सांगत नाही. दुसरा झोपेच्या गोळीचा.

खालचे प्रश्न लोकांनी जसे विचारले, जवळजवळ तसेच ठेवलेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस ठरवणं माझं काम नाही आणि ते या पानावर होणारही नाही. घरात आत्ता कुणी जास्त गोळ्या घेतल्या असतील तर बाकी सगळं सोडा, थेट प्रश्न १७ वाचा.

१. माझी गोळी "त्यातली" आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. ते सोडून द्या आणि बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही सगळी एकाच घराण्यातली. घराण्याचं नाव बेन्झोडायझेपीन. एटिझोलाम आणि झोल्पिडेम हे त्यांचे चुलत भाऊ. नावाच्या शेवटी "झेपाम" किंवा "झोलाम" दिसलं की थांबून विचारा. स्ट्रिपवर लाल रंगात "आरएक्स"च्या आधी "एन" जोडलेला असेल, तर ते औषध अमली व मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली येतं.

खरी फसगत होते ती दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत. नैराश्यासाठीच्या एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम असतं. धडधडीसाठीच्या प्रोप्रॅनोलॉलबरोबर एटिझोलाम किंवा अल्प्राझोलाम असतं. आणि पोटात मुरडा येतो म्हणून दिलेल्या काही गोळ्यांत क्लिडिनियमच्या जोडीला क्लोरडायझेपॉक्साइड असतं. "मी असल्या गोळ्यांना हात लावत नाही, माझी पोटाची आहे," असं एक निवृत्त गृहस्थ मला ठणकावून सांगत होते. सहा वर्षं ते रोज दोन वेळा तीच घेत होते.

२. ही गोळी नेमकं करते काय?

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. चेतापेशींची धावपळ आवरणं हे त्याचं काम. गोळी गाबाचा जोर वाढवते. म्हणून काळजी ओसरते, झोप येते, स्नायू सैल पडतात, आकडी थांबते. पण तोल सांभाळणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, पटकन निर्णय घेणं ही कामंही त्याच मेंदूतून चालतात, तीही मंदावतात. हवा तेवढाच परिणाम करणारी गोळी अजून निघालेली नाही.

या घराण्यातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आलं आणि डायझेपाम १९६३ मध्ये. आधीच्या बार्बिच्युरेट गोळ्यांपेक्षा ही पुष्कळ सुरक्षित होती, त्यामुळे ती सढळ हातानं दिली गेली. सवय किती लागते हे कळायला पुढची काही वर्षं गेली.

३. डॉक्टरांनीच लिहून दिली होती. मग त्यात गैरवापर कसला?

लिहून दिली होती किती दिवसांसाठी, हा खरा प्रश्न. नैराश्याचं किंवा चिंतेचं मुख्य औषध लागू पडायला दोन-चार आठवडे जातात. तोवर रुग्णाला आधार म्हणून क्लोनाझेपामसारखी गोळी जोडीला देतात आणि नंतर ती काढायची असते. रुग्ण बरं वाटलं म्हणून पुन्हा दाखवायला जात नाही, चिठ्ठी मात्र जपून ठेवतो. मग चार आठवड्यांची गोळी चार वर्षं चालते आणि गंमत म्हणजे मुख्य औषध "गरम पडतं" म्हणून कधीच बंद झालेलं असतं.

माझ्याकडे एक आजी यायच्या. चिठ्ठीच्या घड्या फाटायला लागल्या म्हणून त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली होती. तारीख २०१४ ची.

सांगितल्यापेक्षा जास्त घेणं, जास्त दिवस घेणं, शेजारणीला "एक घेऊन बघ" म्हणून देणं, भांडण झालं की शांत व्हायला घेणं, दारूची मजा वाढवायला घेणं हे सगळं गैरवापरातच मोडतं. नशा करायचा हेतू असायलाच हवा असं नाही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात १० ते ७५ वयाच्या १.०८ टक्के लोकांत, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाखांत, वैद्यकीय सल्ल्याबाहेर अशा औषधांचा वापर आढळला. माणसांच्या संख्येनुसार पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे.

४. पॉइंट टू फाइव्हची एवढीशी गोळी. ती काय करणार?

एक शिक्षक मोठ्या आनंदानं सांगत आले, "मॅडम, दहावरून पॉइंट फाइव्हवर आलो." त्यांची डायझेपामची १० मिलिग्रॅमची गोळी बदलून अल्प्राझोलाम ०.५ दिली होती. ढोबळमानानं दोन्हींचा जोर सारखाच! सर होते तिथेच होते.

आकडा औषधाचं वजन सांगतो, ताकद नाही. १ मिलिग्रॅम लोराझेपामही साधारण त्याच जोराचं. म्हणून दोन वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका आणि "लहान नंबर आहे" म्हणून स्वतःहून दुप्पट करू नका.

५. किती दिवसांत सवय लागते? आणि सवय म्हणजे व्यसनच का?

रोज घेतली तर दोन ते चार आठवड्यांतच शरीर सरावायला लागतं. म्हणूनच झोपेसाठी ती यापेक्षा जास्त दिवस सहसा देऊ नये असं मानलं जातं. सगळ्यांना एकाच वेगानं सवय लागत नाही. अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळ्या जास्त ओढ लावतात. रात्रीचा असर दुसऱ्या दिवशी ओसरला की अस्वस्थ वाटतं आणि माणसाला वाटतं, "बघा, मला आजार आहेच, गोळीशिवाय चालत नाही." ती अस्वस्थता पुष्कळदा गोळी उतरल्याची असते.

सवय वेगळी, व्यसन वेगळं. सांगितलेलाच डोस वर्षानुवर्षं घेणाऱ्या आजींना सवय लागलेली असते. बंद केली तर त्यांना त्रास होईल, पण त्या गोळीसाठी खोटं बोलत नाहीत, डोस चढवत नाहीत. चार दुकानं फिरून गोळ्या गोळा करणं, घरच्यांपासून लपवणं, नोकरी-संसार बिघडतोय हे दिसूनही न थांबणं हे व्यसन. उपाय दोघांनाही लागतो, पण आजींना "तुम्हाला व्यसन लागलंय" म्हटलं तर त्या दुखावतात आणि पुन्हा विषयच काढू देत नाहीत. मी तो शब्द काउंटरवर वापरत नाही.

६. रात्री घेतली तर सकाळी गाडी चालवायला हरकत नाही ना?

गोळीवर अवलंबून आहे. झोल्पिडेमचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं, अल्प्राझोलामचं साधारण ११-१२ तासांत, क्लोनाझेपामचं ३० ते ४० तासांत. डायझेपाम तर त्याहून रेंगाळतं आणि शरीरात त्याचं रूपांतर होऊन बनणारा पदार्थ आणखी काही दिवस काम करत राहतो. रोज घेणाऱ्याच्या अंगात कालची पूर्ण उतरायच्या आत आजची पडते. "मला गुंगी जाणवत नाही" यावर विसंबू नका. गुंगीची जाणीव आधी जाते, ब्रेकवरचा पाय मात्र उशिराच पडत राहतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ फक्त दारूसाठी आहे असा समज आहे. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका औषधाचा अंमल असेल तर तेही त्यातच येतं.

कडबाकुट्टी, गिरणी, शिडीवरचं काम यालाही हेच लागू.

७. दोन पेग झाल्यावर अर्धी गोळी घेतली तर काय बिघडतं?

श्वास. दोन्ही गोष्टी मेंदूला एकाच दिशेनं दाबतात. नुसती गोळी जास्त झाली तर निरोगी माणूस बऱ्याचदा खूप वेळ झोपून उठतो. दारू सोबत असली की श्वास उथळ होत जातो, घशाचे स्नायू सैल पडतात, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. "काका गाढ झोपलेत, घोरतायत" म्हणून घरचे निवांत राहतात. ते घोरणं गळा बंद होत असल्याचं असू शकतं.

दुसरा घोटाळा आठवणीचा. एक गोळी घेतली हे विसरून माणूस दुसरी घेतो, मग तिसरी. आत्महत्येचा विचारही नसताना असे प्रकार होतात.

याला एक अपवाद लोक मला नेहमी ऐकवतात: "दारू सोडवायला डॉक्टरांनी हीच गोळी दिली होती." बरोबर आहे. दारू थांबवल्यावरची थरथर आणि आकडी टाळायला क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम काही दिवस, उतरत्या डोसमध्ये देतात. ती दारूच्या जागी असते, दारूच्या जोडीला नाही.

८. दारू घेत नाही. बाकी कशाबरोबर घेऊ नये?

ट्रामाडोलसारखी तीव्र वेदनाशामकं आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध, ही सर्वांत वाईट जोडी. अफूच्या वर्गातल्या अशा औषधांसोबत बेन्झोडायझेपीन घेण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि खाज थांबवणाऱ्या गोळ्याही भर घालतात.

न सुचणारी एक जोडी सांगते. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या आजकाल घरोघरी चालू असतात. त्या यकृतात अल्प्राझोलामचा निचरा अडवतात. डोस तोच, पण असर वाढलेला. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरांना झोपेच्या गोळीबद्दल सांगावं असं कुणाला वाटत नाही. सांगा. जोरात घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे आणि दम्याचे किंवा जुनाट फुप्फुसविकाराचे रुग्ण, यांनी तर दुसरं औषध नसलं तरी डॉक्टरांना आधी हे सांगायला हवं.

९. आई ७६ वर्षांची आहे, १२ वर्षं घेतेय. आता या वयात कशाला बंद करायची?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे.

वय वाढतं तसं औषध शरीरातून हळू बाहेर पडतं आणि मेंदूवर जास्त चढतं. पन्नाशीत पचलेला डोस पंच्याहत्तरीत जड होतो. रात्री दोनला लघवीला उठायचं, अंधार, पाय गोधडीत अडकलेला, डोकं गुंगीत. खुबा मोडण्याचा रस्ता हाच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी वयस्करांसाठी टाळायच्या औषधांची यादी काढते, तिला बीअर्स निकष म्हणतात. त्यात हे सगळं घराणं आहे. शिवाय विसराळूपणा, दिवसा पेंगणं, बोलण्यात गोंधळ हे सगळं "वय झालं" या खात्यावर टाकलं जातं आणि गोळीकडे कुणी पाहत नाही. काही वृद्धांत तर उलटं होतं. शांत होण्याऐवजी चिडचिड, बडबड, रात्रभर येरझाऱ्या. मग घरचे अजून अर्धी देतात.

माझीही एक चूक इथे नोंदवते. बरीच वर्षं झाली. ओळखीचे एक काका बायकोसाठी दर महिन्याला स्ट्रिप न्यायचे. ओळख होती, चिठ्ठी जुनी होती, मी देत गेले. पुढे स्ट्रिप महिन्याच्या आत संपायला लागल्या तेही माझ्या लक्षात आलं होतं, पण गर्दीत विचारायचं राहिलं. काकू एका पहाटे मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या. गोळीमुळेच पडल्या असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्या महिन्यातली दुसरी स्ट्रिप माझ्या हातची होती, एवढं मात्र नक्की.

तर आईची गोळी बंद करायची का? डॉक्टरांना विचारून, अगदी सावकाश कमी करता येते, या वयातही. कधी पूर्ण बंद होत नाही, निम्म्यावर येते. तेही चांगलंच. पण आज रात्रीपासून डबा लपवून ठेवू नका. का ते पुढच्या प्रश्नात.

१०. निश्चय केला, एकदम सोडली. चालेल ना?

नाही. सिगारेट एकदम सोडलीत तर चिडचिड होईल. ही गोळी बरेच महिने रोज घेऊन एकदम सोडलीत तर आकडी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

मेंदूनं गोळीच्या भरवशावर स्वतःची आवरण्याची ताकद कमी केलेली असते. गोळी काढली की सगळं एकदम उधळतं. झोप पूर्ण जाते, हात थरथरतात, घाम, छातीत धडधड, आवाज आणि उजेड सहन होत नाही, मुंग्या येतात. पुढच्या टप्प्यावर भास, भ्रम आणि आकडी. लवकर उतरणाऱ्या गोळ्यांत हे एक-दोन दिवसांत सुरू होतं. डायझेपामसारख्यांत आठवडाही लागतो, आणि तोवर "बघा, काहीच झालं नाही" असं माणूस सांगत फिरत असतो.

मोठ्या प्रमाणावर हे कसं दिसतं ते २०१५ मध्ये तेलंगणानं पाहिलं. तिथे ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा धंदा जुना. कारवाई झाली, भेसळीची ताडी अचानक मिळेनाशी झाली, आणि हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या सरकारी मनोरुग्णालयात रांगा लागल्या. थरथर, आकड्या, बरळणं. आपण झोपेच्या गोळ्या खातोय हे त्यातल्या पुष्कळांना माहीतही नव्हतं. त्यांच्या लेखी ते ताडी पीत होते.

११. मग कमी कशी करायची?

ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन. दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कमी करणं ही साधारण चाल. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त उतरू नये. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला यात कित्येक महिने जातात. कधी डॉक्टर आधी सावकाश उतरणाऱ्या औषधावर नेतात, मग ते कमी करतात.

"एक दिवस आड घेतो" हा सगळ्यांचा आवडता घरगुती उपाय, आणि तो चुकीचा. अंगातलं प्रमाण रोज वरखाली होतं आणि दर दुसऱ्या दिवशी त्रासाची उजळणी होते. रोज थोडी कमी, पण रोज. गोळीचे तुकडे करायचे तर दुकानात गोळी कापायची डबी मिळते. सुरीनं विळीवर बसल्यासारखं कापू नका, अर्धी उडून कपाटाखाली जाते. काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या तोडायच्याच नसतात. पाकिटावर "एसआर" किंवा "ईआर" असेल तर आधी विचारा.

१२. पण मग झोप कशी येणार?

पहिले काही दिवस कमीच येणार. गोळी कमी केल्यावर उसळून आलेला निद्रानाश ओसरतो, तो कायमचा नसतो.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून जगभर सांगतात ते निद्रानाशासाठीचं वर्तनोपचार. ते शिकवणारे आपल्याकडे थोडे आहेत, तालुक्याला तर नाहीतच, पण त्यातले दोन नियम घरी पाळता येतात. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. आणि वीस-पंचवीस मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. अंथरुणात पडून घड्याळ बघत बसलं की मेंदू अंथरूण आणि काळजी यांची सांगड घालतो. दुपारची दोन तासांची वामकुक्षी आणि संध्याकाळी सहानंतरचे दोन चहा तसेच ठेवून रात्री झोप येत नाही म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

१३. लग्नाला गावी आलोय, गोळ्या घरी राहिल्या. दोन दिवसांचा प्रश्न आहे. काय करू?

रोजची, जुनी सवय असेल तर "दोन दिवस काढतो" म्हणू नका (प्रश्न १०). जवळच्या डॉक्टरांना किंवा सरकारी रुग्णालयात चिठ्ठीचा फोटो आणि रिकाम्या स्ट्रिपचा फोटो दाखवा. दोन दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायला बहुतेक डॉक्टर तयार असतात. पाहुण्यांपैकी कुणाची "तशीच" गोळी घेऊ नका (प्रश्न ४). चुकलेला डोस भरून काढायला दुप्पट घेऊ नका.

१४. झोल्पिडेम तर नवीन आहे, त्याची सवय लागत नाही म्हणे?

लागते. कमी दिवस, कमी डोसमध्ये त्रास कमी, एवढंच. या औषधाची एक वेगळीच तऱ्हा आहे. माणूस पूर्ण जागा न होता उठतो, स्वयंपाक करतो, फोन करतो, गाडी काढतो, आणि सकाळी काही आठवत नाही. अपघात आणि मृत्यू झाल्यावर अमेरिकेत २०१९ मध्ये यासाठी ठळक इशारा सक्तीचा झाला. त्याआधी २०१३ मध्ये तिथे बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला होता, कारण त्यांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. सकाळी ओट्यावर तुम्हाला न आठवणारा पसारा दिसला तर गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच सांगा. मात्र रोजची जुनी सवय असेल तर त्याच दिवशी फोन करून, विचारून थांबवा.

१५. मुलीला फिट येतात. तिला क्लोबाझाम आहे. हे वाचून मी घाबरलो, बंद करू का?

अजिबात नाही. हे पान तुमच्यासाठी नाही. आकडीवर क्लोबाझाम, क्लोनाझेपाम ही उपचाराची औषधं आहेत, आणि ती अचानक थांबवली तर न थांबणारी आकडी येऊ शकते. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर तो तिच्या शाळेतही ठेवा. आपल्या भीतीपायी मुलीचा एकही डोस चुकवू नका.

१६. दिवस गेलेत आणि मी ही गोळी घेते.

आज घाबरून बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि गोळी देणारे डॉक्टर, दोघांना सांगा. शेवटच्या महिन्यांत मोठा डोस चालू राहिला तर बाळ जन्मल्यावर सुस्त आणि लुळं असू शकतं, ओढून दूध पीत नाही, किंवा त्याला गोळी तुटल्याचा त्रास होतो. आधी माहीत असेल तर बालरोगतज्ज्ञ तयारीत असतात. अंगावर पाजतानाही हे विचारून घ्या.

१७. कुणीतरी खूप गोळ्या एकदम घेतल्यात. आत्ता काय करू?

१०८ ला फोन करा. माणूस शुद्धीत नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंड जरा खाली राहू द्या. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा, फोनवरचे लोक सांगतात कसं ते. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, तोंडात लिंबू पिळू नका, चहा-कॉफी पाजू नका. गुंगीतल्या माणसाच्या घशातून ते थेट फुप्फुसात जातं. रिकाम्या स्ट्रिपा, बाटली, जे हाताशी लागेल ते सोबत न्या आणि दारू घेतली होती का ते खरं सांगा. "झोपून उतरेल" म्हणून सकाळची वाट बघू नका.

"इंजेक्शन दिलं की लगेच उतरतं ना?" असंही विचारतात. फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे, पण जुनी सवय असलेल्याला त्यानंच आकडी येऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांनी तो दिला नाही तर हुज्जत घालू नका. श्वास सांभाळणं हाच बहुतेक वेळा मुख्य उपचार असतो.

मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या आजच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

१८. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल, म्हणून थांबलो होतो...

या एका भीतीपायी तास-दोन तास वाया गेलेले मी ऐकलेत. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, ते खरं. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतलं, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं ३०९ कलम आलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्याला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. उशीर करू नका.

१९. मुलाच्या दप्तरात गोळ्या सापडल्या. तो म्हणतो डोकेदुखीच्या आहेत.

स्ट्रिपवरचं नाव वाचा (प्रश्न १). स्ट्रिप कापलेली असेल, नावाचा भाग मुद्दाम काढलेला असेल तर शंका घ्याच. मालेगावाकडे अल्प्राझोलामला "कुत्ता गोळी" म्हणतात, नायट्राझेपामला बऱ्याच शहरांत "बटण". बोलणं जड, चाल झोकांडी खाणारी, पण तोंडाला दारूचा वास नाही, आणि काल काय झालं ते आठवत नाही, अशी लक्षणं असतात. रस्त्यावरच्या सुट्या गोळीत नाव लिहिलंय तेच असेल याचीही खात्री नसते.

मारू नका, खोलीत कोंडूनही ठेवू नका. रोज घेत असेल तर कोंडल्यावर आकडी येईल. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. कायद्याची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: एनडीपीएसच्या कलम ६४-अ खाली, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून सूट मिळू शकते. विकणाऱ्याला नाही.

२०. नवरा पिऊन धिंगाणा घालतो. चहातून अर्धी गोळी दिली तर शांत झोपेल. देऊ का?

ताई, नाही. तुमचं हाल मला कळतं. हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, आणि मी प्रत्येकीला नाहीच म्हटलंय. दारू पोटात असताना गोळी म्हणजे काय ते प्रश्न ७ मध्ये आहे. झोपेत त्याचा श्वास थांबला तर पोलिसांच्या प्रश्नांना तुम्हालाच तोंड द्यावं लागेल. काही माणसं या गोळीनं शांत होण्याऐवजी जास्त अंगावर येतात. मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा, किंवा ११२ वर. त्याच्या दारूवर इलाज त्याला घेऊनच होतो.

प्रवासात बाळ रडू नये म्हणून गोळी मागणाऱ्यांनाही हेच उत्तर.

२१. पूर्वी तुम्ही देत होतात, आता चिठ्ठीशिवाय देत नाही. एवढं काय?

पूर्वीही द्यायला नको होती (प्रश्न ९). १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही कडक नोंद ठेवायच्या औषधांची यादी लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम तिच्यात आहेत. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. अन्न व औषध प्रशासनाची माणसं येतात तेव्हा पहिलं तेच रजिस्टर मागतात. व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांनी पाठवलेली चिठ्ठी चालेल का, असं विचारतात. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत अल्प्राझोलामसारखी औषधं दुरून लिहून देता येत नाहीत.

किती गोळ्या जवळ ठेवता येतात, तर स्वतःच्या उपचारासाठी, चिठ्ठीसह, एका वेळी १०० पर्यंत. डॉक्टरांनी दीर्घ उपचारासाठी तसं खास लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. ही मर्यादा एनडीपीएसच्या नियमांतली आहे. "सहा महिन्यांचा स्टॉक द्या" म्हणणाऱ्यांना मी ती वाचून दाखवते.

२२. दुबईला मुलाकडे तीन महिने जायचंय. नेता येतील का?

परवानगीशिवाय नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधं आहेत. निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते, सोबत डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणि इंग्रजीत आजाराचं पत्र लागतं. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, सोमवार-मंगळवार असे कप्पे असलेल्या प्लॅस्टिक डबीत भरून नेऊ नका. शेजाऱ्यांच्या सुनेसाठी "जाताय तर नेऊन द्या" म्हणून दिलेलं पुडकं तर मुळीच नको. पोटाची दोन औषधं एकत्र असलेली गोळीही यात येऊ शकते, म्हणून बॅगेतली प्रत्येक स्ट्रिप प्रश्न १ प्रमाणे तपासा.

२३. वडील गेले. त्यांच्या चार स्ट्रिप उरल्यात. कुणाच्या तरी उपयोगी पडतील?

कुणाच्याही नाही. देऊ नका, कपाटातही ठेवू नका, आणि भरलेली स्ट्रिप तशीच घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्याच्या हाती ती पडते. माझ्याकडे आणून दिल्या तर मी घेते आणि मुदतबाह्य औषधांबरोबर नष्ट करायला पाठवते. तुमच्या दुकानदाराला विचारून बघा. पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.